अ‍ॅक्रिलिक चित्रकलेचे साहित्य : काय घ्यावे, काय टाळावे

शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की पुण्याच्या सदाशिव पेठेत उन्हाळी वर्गांची पत्रके झळकू लागतात. संस्कृत संभाषण, हस्ताक्षर, तबला, बुद्धिबळ आणि त्यांच्या जोडीला चित्रकला. टिळक रस्त्यावर अभिनव कला महाविद्यालयासारखी संस्था असल्यामुळे या परिसराला चित्रकलेचे वावडे कधीच नव्हते. अलीकडे मात्र या पत्रकांवर ‘जलरंग’ या जुन्या परिचित शब्दाशेजारी ‘अ‍ॅक्रिलिक’ हा शब्द ठळकपणे दिसतो. मुलाचे नाव नोंदविले, की पालकांच्या हाती साहित्याची यादी येते आणि ती घेऊन ते लक्ष्मी रस्ता ओलांडून अप्पा बळवंत चौकाकडे निघतात.

खरी पंचाईत तेथे सुरू होते. यादीत ‘अ‍ॅक्रिलिक रंग, ब्रश, कॅनव्हास, पॅलेट’ एवढेच लिहिलेले असते. दुकानदार विचारतो, ‘स्टुडंट की आर्टिस्ट? ट्यूब की बाटली? कापडासाठी की कॅनव्हाससाठी?’ गर्दीत उभ्या असलेल्या पालकास यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते. मग एकतर चोवीस रंगांची सर्वांत मोठी पेटी घेतली जाते किंवा सर्वांत स्वस्त संच. दोन्ही निर्णय बहुधा चुकतात.

ही चूक केवळ पैशांची असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु केस गळणाऱ्या कुंचल्याने आणि पाणीदार रंगाने काम करणारे मूल कुंचल्याला दोष देत नाही, ते स्वतःला दोष देते. ‘मला चित्र येतच नाही,’ असे म्हणून ते वर्ग सोडते आणि साहित्याचा दोष त्याच्या बुद्धीच्या माथी मारला जातो. तेव्हा वाचकबंधुभगिनींनो, थोडेच घ्यावे, पण कामाचे घ्यावे, हे या लेखाचे सांगणे आहे. ते कसे साधावे, याचा क्रमाने विचार करू.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे नेमके काय?

कोणत्याही रंगात मुख्यतः दोन घटक असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे रंगाची बारीक भुकटी, आणि दुसरा तिला धरून ठेवणारा बंधक. जलरंगात व पोस्टर रंगात हा बंधक पाण्यात विरघळणारा डिंकासारखा पदार्थ असतो, तर तैलरंगात तो जवसाचे तेल असतो. अ‍ॅक्रिलिक रंगात बंधक म्हणून प्लॅस्टिकच्या कुळातील एक राळ वापरतात. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात दुधासारखे मिसळलेले असतात. पाणी उडून गेले, की हे कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि त्यांचा लवचिक थर तयार होतो. हा थर पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग तसे नवे आहेत. अमेरिकेत हेन्री लेव्हिसन यांनी १९५५ साली ‘लिक्विटेक्स’ या नावाने ते बाजारात आणले. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे १९६७ सालचे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे सुप्रसिद्ध चित्र याच माध्यमातील आहे. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेला ‘कॅमलिन’चा व्यवसाय (आजची ‘कोकुयो कॅमलिन’) आणि ‘पिडिलाइट’चा ‘फेव्हिक्रिल’ यांमुळे हे रंग घरोघरी पोहोचले.

वरील माहितीतून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, वाळलेला रंग निघत नाही. म्हणून गणवेशावर, फरशीवर किंवा कुंचल्याच्या मुळाशी तो वाळू देऊ नये. दुसरी, ओला असताना बंधक दुधी दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे वाळलेला रंग ओल्यापेक्षा किंचित गडद दिसतो. आकाश ठरविल्यापेक्षा काळवंडले, म्हणून मुलाने निराश होण्याचे कारण नाही, माध्यमाचा तो स्वभावच आहे. तिसरी, एक थर वाळल्यावर त्यावर निर्धास्तपणे दुसरा थर देता येतो. चूक झाकता येते, हा नवशिक्यासाठी या माध्यमाचा सर्वांत मोठा गुण होय.

रंग : संख्या कमी, मात्रा पुरेशी

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या मुलांच्या घरी पोस्टर रंगांच्या बाटल्या असतातच. ‘तेच वापर’ असे सांगण्याचा मोह पालकांना होतो. परंतु पोस्टर रंगाच्या वाळलेल्या थरावर ओला कुंचला फिरविला, की खालचा रंग सुटतो. अ‍ॅक्रिलिकच्या वर्गात शिकविली जाणारी थरावर थर देण्याची पद्धत त्यात साधत नाही.

दुसरी गफलत बाटल्यांची. ‘अ‍ॅक्रिलिक’ असे छापलेल्या अनेक छोट्या बाटल्या वस्तुतः कापडावर रंगविण्यासाठी असतात. कापड मऊ राहावे म्हणून त्यांतील रंग पातळ व बंधक मऊ ठेवलेला असतो. दुपट्ट्यासाठी किंवा नाताळच्या गोठ्यातील छोट्या शोभेच्या वस्तूंसाठी त्या उत्तम आहेत. कॅनव्हासवर मात्र कुंचल्याचा ठसा उमटेल असा दाट रंग लागतो. तो ट्यूबमध्ये मिळतो.

आता मात्रेचा हिशेब करून पाहू. १२ इंच गुणिले १६ इंच, म्हणजे सुमारे ३० गुणिले ४० सेंटिमीटर आकाराचा एक कॅनव्हास घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ओल्या रंगाचा केवळ एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर दिला, तरी १२ मिलिलिटर रंग लागतो. चोवीस रंगांच्या एखाद्या पेटीत प्रत्येक ट्यूब ९ मिलिलिटरची असेल, तर एकूण रंग २१६ मिलिलिटर भरतो, पण त्यात पांढरा फक्त ९ मिलिलिटर असतो. आणि पांढरा तर जवळजवळ प्रत्येक छटेत मिसळावा लागतो. परिणामी पहिल्या चित्रातच पांढरा संपतो आणि जांभळा, गुलाबी, पोपटी यांच्या ट्यूब कपाटात वाळत पडतात.

म्हणून पेटीऐवजी सुट्या ट्यूब घ्याव्यात. प्रारंभासाठी पुढील सहा रंग पुरेत :

१. टायटॅनियम व्हाइट – इतरांच्या दुप्पट किंवा तिप्पट मापाची ट्यूब.
२. लेमन यलो – हिरव्याकडे झुकणारा पिवळा.
३. स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन – नारिंगीकडे झुकणारा तांबडा.
४. क्रिमझन – जांभळ्याकडे झुकणारा तांबडा.
५. अल्ट्रामरीन ब्लू.
६. बर्न्ट अंबर – गडद तपकिरी.

काळा रंग मुद्दामच वगळला आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकत्र केले, की काळ्याच्या जवळ जाणारी खोल छटा मिळते आणि ती चित्रात ट्यूबमधील काळ्यासारखी भोक पडल्यागत दिसत नाही. निळ्याचे प्रमाण वाढविले, तर ती थंड होते, तपकिरीचे वाढविले, तर ऊबदार. हे मिश्रण करताना मूल जे शिकते, ते चोवीस रंगांची पेटी त्याला शिकवू शकत नाही. पुढे गरज वाटल्यास झळझळीत हिरव्यासाठी थॅलो ब्लू आणि मातीच्या छटांसाठी यलो ऑकर, हे दोन रंग वाढवावेत.

ट्यूबवरील मजकूर वाचण्याची सवय मुलांनाही लावावी. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय संकेतांक छापलेला असतो. टायटॅनियम व्हाइटचा ‘पीडब्ल्यू ६’, अल्ट्रामरीनचा ‘पीबी २९’. एकच संकेतांक असेल, तर मिश्रणे स्वच्छ निघतात. तीन-चार संकेतांक असतील, तर तो रंग आधीच मिश्रित आहे, त्यात आणखी दोन रंग मिसळले, की चिखल होतो. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल, तर मूळ महाग रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे वापरले आहे, असे समजावे. यात फसवणूक नाही. उलट ‘कॅडमियम यलो ह्यू’मध्ये कॅडमियम हा विषारी धातू नसल्याने मुलांसाठी तोच अधिक बरा.

‘स्टुडंट’ आणि ‘आर्टिस्ट’ या दोन प्रतींमधील मुख्य फरक रंगद्रव्याच्या प्रमाणाचा असतो. पहिल्या प्रतीत रंगद्रव्य कमी आणि भरीचा पदार्थ अधिक. शिकणाऱ्यास एखाद्या विश्वसनीय कंपनीची स्टुडंट प्रत पुरते. थोडे अधिक खर्च करणे शक्य असेल, तर सर्व रंग महाग घेण्याऐवजी केवळ पांढरा वरच्या प्रतीचा घ्यावा. त्याचा झाकण्याचा गुण प्रत्येक मिश्रणात उपयोगी पडतो.

कुंचला : येथे प्रश्न केवळ किमतीचा नाही

बारा कुंचल्यांचा संच घेण्याचे कारण नाही. चार पुरेत. एक इंच रुंदीचा चपटा पार्श्वभूमीसाठी, अर्ध्या इंचाचा चपटा मोठ्या आकारांसाठी, सहा क्रमांकाचा गोल आणि बारकाव्यांसाठी दोन क्रमांकाचा गोल. दुकानातच कुंचल्याची परीक्षा करावी. केस बोटाने हलकेच वाकवून सोडले असता ते ताठ उभे राहावेत. हलकेच ओढले असता हातात येऊ नयेत. धातूची पट्टी दांड्यावर डगमगू नये.

कुंचल्याचे केस कशाचे असावेत, या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : कृत्रिम धाग्याचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे. प्राण्यांचे मऊ केस पाणी शोषून लिबलिबीत होतात. दाट अ‍ॅक्रिलिक रंग ढकलण्याचा जोर त्यांत उरत नाही, शिवाय हा रंग किंचित अल्कधर्मी असल्याने ते लवकर खराबही होतात. कृत्रिम धागा आपला ताठपणा टिकवितो आणि सहज धुतला जातो.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती पालकांनी जाणून घेतलीच पाहिजे. आपल्या देशात ‘उत्तम नैसर्गिक केसांचे’ म्हणून विकले गेलेले कित्येक कुंचले मुंगसाच्या केसांचे असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित प्राणी आहे. त्याची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा ठरतो. एका मुंगसापासून जेमतेम ४० ग्रॅम केस मिळतात आणि त्यांतील साधारण निम्मेच कुंचल्याच्या कामी येतात. म्हणजे किलोभर उपयोगी केसांसाठी सुमारे ५० प्राण्यांचा जीव जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत एकाच वेळी छापे घातले. त्यांत हजारो कुंचले आणि मोठ्या प्रमाणावर कच्चे केस हस्तगत झाले. या मोहिमेच्या कक्षेत महाराष्ट्रही होता.

अशा कुंचल्याच्या केसांचे टोक गडद असते, अशी ओळख सांगितली जाते. परंतु पालकांनी पारखी होण्याची गरज नाही. ‘सिंथेटिक’ असे स्पष्ट छापलेला कुंचला मागावा, म्हणजे काम झाले. व्यवहारात स्वस्त आणि नीतीने योग्य अशा दोन वाटा नेहमीच एक नसतात. येथे मात्र जो कुंचला कामाला योग्य, तोच खिशाला परवडणारा आणि तोच निर्दोष आहे. मुलाच्या पहिल्या चित्रासाठी एका मुक्या जिवाचा बळी जाऊ नये, एवढी दक्षता आपण सहज घेऊ शकतो.

कॅनव्हास की कागद?

पहिल्या दिवसापासून लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास कशाला? महाग पृष्ठभाग समोर असला, की मूल बिचकते. ‘बिघडला तर आई रागावेल’ ही भीती रेषेत उतरते. पहिले आठ-दहा सराव जाड कागदावर व्हावेत. त्यासाठी प्रतिचौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा कागद योग्य. पातळ ड्रॉइंग पेपर ओलाव्याने पापडासारखा वळतो. पुण्याला तर हातकागदाची परंपराच आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. सुती चिंध्यांपासून केलेला जाड हातकागद अ‍ॅक्रिलिक चांगला पेलतो. कागदाच्या चारही कडा कागदी चिकटपट्टीने फळीवर चिकटवाव्यात, म्हणजे तो सपाट राहतो.

त्यानंतर कॅनव्हास बोर्ड आणि वर्गाच्या अखेरच्या चित्रासाठी ताणलेला कॅनव्हास, असा क्रम असावा. कॅनव्हास घेताना त्यावर जेसो नावाचे पांढरे अस्तर दिले आहे ना, हे पाहावे. अस्तर नसेल, तर कापड रंग पिऊन टाकते. ‘केवळ तैलरंगासाठी’ असे लिहिलेला कॅनव्हास घेऊ नये. तेलकट अस्तरावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, कालांतराने त्याची सालपटे निघतात. फसलेला अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास फेकण्याचेही कारण नाही. त्यावर जेसोचा हात फिरविला, की तो पुन्हा नवा होतो.

घरात आहे ते विकत घेऊ नये

पॅलेट म्हणून चिनी मातीची जुनी बशी सर्वोत्तम. तीवर वाळलेला रंग कोमट पाण्यात भिजवून खरवडता येतो. पाण्यासाठी दोन बरण्या ठेवाव्यात, एक कुंचला धुण्यासाठी आणि दुसरी स्वच्छ पाण्याची. जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे, वडिलांचा जुना सदरा, बसायला वर्तमानपत्र एवढे असले, की भागते. ईझलची, म्हणजे चित्र उभे ठेवण्याच्या घोडीची, सुरुवातीला मुळीच आवश्यकता नाही. टेबलावर फळी थोडी तिरपी ठेवली, तरी पुरे.

पुण्याच्या हवेविषयी मात्र एक सूचना. मार्च ते मे या महिन्यांत येथील दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. बशीत काढलेला रंग दहा-पंधरा मिनिटांत कातडी धरतो. मुले मग पुन्हापुन्हा ट्यूब पिळतात आणि रंग वाया जातो. त्यावर सोपा उपाय आहे. झाकण असलेला एक पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. तळाशी ओला करून पिळलेला सुती कपडा किंवा स्पंज पसरावा आणि त्यावर स्वयंपाकघरातील बटर पेपर अंथरावा. रंग त्या कागदावर काढावेत. खालचा ओलावा रंगांना तासन्‌तास मऊ ठेवतो. झाकण लावले, तर ते दुसऱ्या दिवशीही चालतात. बाजारात ‘वेट पॅलेट’ या नावाने मिळणारी महाग वस्तू ती हीच. पावसाळ्यात याच्या उलट, थर वाळायला वेळ लागतो आणि ओली चित्रे एकावर एक ठेवली, तर ती चिकटतात, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वच्छता आणि सुरक्षितता

अ‍ॅक्रिलिकला टर्पेंटाइन लागत नाही, उग्र वास नसतो, म्हणून लहान घरात ते सोयीचे पडते. तरीही कुंचला तोंडात धरून टोक करण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. लहान मुलांसाठी ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेलेच रंग घ्यावेत. वाळलेला रंग कोरडाच घासून त्याची धूळ उडवू नये.

काम संपल्यावर कुंचला प्रथम फडक्याने पुसावा, मग पाण्यात खळबळावा आणि शेवटी अंगाच्या साबणाने धुऊन आडवा वाळवावा. बरणीत केसांवर उभा ठेवलेला कुंचला दोन दिवसांत कायमचा वाकतो. बशीतला उरलेला रंग मोरीत ओतू नये. हा रंग शेवटी प्लॅस्टिकच आहे, तो नळीतही बसतो आणि पुढे नदीतही जातो. तो वाळू द्यावा आणि पापुद्रा काढून केरात टाकावा. धुण्याचे गढूळ पाणीही रात्रभर ठेवावे, म्हणजे बराच गाळ तळाशी बसतो.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी वर्गाच्या शिक्षकांना चार प्रश्न नम्रपणे विचारावेत :

१. काम कागदावर, कॅनव्हासवर की कापडावर होणार आहे?
२. एकूण किती चित्रे आणि कोणत्या आकाराची?
३. वर्गातर्फे कोणते साहित्य मिळते?
४. पहिल्या आठवड्यात नेमके काय लागेल?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. संपूर्ण यादी पहिल्याच दिवशी पुरी करण्याची सक्ती क्वचितच असते. पहिल्या आठवड्यापुरते घ्यावे. मुलाचा कल पाहावा आणि मग उरलेले घ्यावे. दोन भावंडे किंवा शेजारची दोन मुले एकाच वर्गात जात असतील, तर पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब आणि रुंद कुंचला दोघांत मिळून घेता येतो. भाव पाहताना ट्यूबची किंमत पाहू नये, प्रत्येक मिलिलिटरमागे पडणारी किंमत पाहावी. हा भागाकार मुलालाच करायला लावावा.

ज्या कुटुंबांना वर्गाचे शुल्क भरतानाच ओढाताण होते, त्यांनी संकोच बाळगू नये. सहा ट्यूब, चार कुंचले, जाड कागदाचे काही ताव आणि घरातली जुनी बशी, एवढ्या शिदोरीवर मूल उत्तम चित्रकला शिकू शकते. शेजारच्या मुलाकडे चोवीस रंगांची पेटी आहे, म्हणून आपले मूल मागे पडेल, ही भीती निराधार आहे. सहा रंगांतून शेकडो छटा स्वतः निर्माण करणाऱ्या मुलाची नजर अधिक तयार होते.

सुटी संपेल, शाळा सुरू होईल आणि वर्गात काढलेले चित्र घराच्या भिंतीवर लागेल. ते उत्कृष्ट असेलच असे नाही. पण त्यातला एखादा करडा रंग दाखवून मूल जेव्हा सांगेल, ‘हा विकतचा नाही, हा मी तयार केला,’ तेव्हा आपण केलेली थोडकी पण विचारपूर्वक खरेदी सार्थकी लागली, असे समजावे.